मोटारीतील गारवा : त्याची निगा आणि दुरुस्ती

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



आजच्या व्याख्यानाचे निमंत्रण घेऊन मंडळाचे चिटणीस आमच्या कारखान्यात आले, तेव्हा आम्ही एका मोटारीखाली उताणे पडून काम करीत होतो. या व्यासपीठावरून आजवर विद्वानांची भाषणे झाली, तेथे आम्ही काय बोलावे, असा प्रश्न आम्ही केला. त्यावर ते म्हणाले, "आता जे करीत आहात तेच सांगा." त्यांची आज्ञा शिरसावंद्य मानून मोटारीतील वातानुकूलन, म्हणजे आपण ज्यास घरोघर नुसते 'एसी' म्हणतो, त्याविषयी चार शब्द सांगण्याचे आम्ही योजिले आहे. आमची भाषा ग्रंथकाराची नाही, कारागिराची आहे. न्यून असेल ते आपण पुरे करून घ्यावे, अशी प्रारंभीच विनंती करतो.

आपली ज्ञाती तांबटांची. हंडे, घागरी, बंब आणि पराती घडविणे, मठारकाम करणे, गळक्या भांड्यास डाग देणे हा आपल्या वाडवडिलांचा व्यवसाय. पुढे अ‍ॅल्युमिनियम आले, मागोमाग स्टेनलेस स्टील आले, आणि आळीतील घणांचे ठोके विरळ झाले. आमच्या आजोबांच्या हातात घण होता, आमच्या हातात पाना आणि पक्कड आहे. परंतु धातू, नळी, सांधा आणि गळती यांच्याशी आमच्या घराण्याचे नाते सुटलेले नाही. आज जे सांगावयाचे आहे त्याचे मर्मही आजोबांच्याच धंद्यात सापडते. गळके भांडे घेऊन कोणी दारी आला, तर तांबट त्यात पाणी ओतून ते परत देत नसे. तो आधी भोक शोधीत असे.

आता हे यंत्र चालते कसे ते थोडक्यात पाहू. आपल्या घरचा मातीचा माठ सर्वांच्या परिचयाचा आहे. माठाच्या अंगातून पाणी झिरपते, त्याची वाफ होते, आणि वाफ होताना ते आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. म्हणून माठातले पाणी गार होते. मोटारीतील गारव्याचे तत्त्व हेच आहे. समोरच्या फळीमागे, पाय ठेवण्याच्या जागेच्या वर, नळ्यांची एक जाळी असते. तिला कारागीर 'कूलिंग कॉइल' म्हणतात. तिच्यात एक द्रव सोडला जातो. गेली अनेक वर्षे बहुतेक मोटारींत वापरला जाणारा आर-१३४ए हा पदार्थ मोकळ्या हवेच्या दाबात उणे २६ अंश सेल्सियसलाच उकळतो. जाळीत तो उकळतो, त्याची वाफ होते, आणि पंख्याने फेकलेल्या हवेची उष्णता तो शोषून घेतो. तीच गार झालेली हवा आपल्या तोंडावर येते.

येथपर्यंत माठ आणि मोटार यांत भेद नाही. भेद पुढे आहे. माठातील वाफ हवेत उडून जाते, म्हणून माठ रोज भरावा लागतो. मोटारीतील वाफ मात्र बाहेर जाऊ दिली जात नाही. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर ती ओढून घेतो, दाबतो आणि तापवितो. पुढे रेडिएटरच्या समोर बसविलेल्या कंडेन्सरमध्ये ती आपली उष्णता बाहेरच्या वाऱ्याला देऊन पुन्हा द्रव होते. मग ओलावा आणि कचरा टिपणाऱ्या ड्रायर नावाच्या डबीतून आणि एका बारीक छिद्राच्या झडपेतून तो द्रव परत जाळीत येतो. हे चक्र अखंड चालते. यात वायू पेट्रोलसारखा जळत नाही, झिजत नाही, संपत नाही. आमच्या भगिनींना विशेषेकरून सांगणे आहे की, मोटारीचा एसी हा रोज भरावयाचा माठ नव्हे. तो तोंड बंद केलेला हंडा आहे. तो रिता होत असेल तर कोठेतरी गळत आहे.

केवळ सत्यासाठी एक पुस्ती जोडतो. रबरी नळ्यांतून आणि कॉम्प्रेसरच्या फिरत्या दांड्याच्या सीलमधून वर्षाकाठी थोडे ग्रॅम वायू झिरपतोच. युरोपीय संघाने २००६ साली केलेल्या कायद्यात एकाच जाळीच्या यंत्रासाठी ही मर्यादा वर्षाला ४० ग्रॅम धरली होती. लहान मोटारीत एकूण वायू साधारण ४०० ते ६०० ग्रॅम असतो. म्हणजे यंत्र निर्दोष असेल तर कित्येक वर्षे त्यास हात लावण्याचे कारण पडू नये. प्रत्येक वैशाखात ज्याच्या मोटारीत गॅस भरावा लागतो, त्याने समजावे की आपण वायू विकत घेत नसून आपली गळती पोसत आहोत.

या यंत्राचा इतिहासही मनोरंजक आहे. १९०२ साली अमेरिकेत ब्रुकलिन येथील एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगत व आकसत असे आणि रंगांचे ठसे एकमेकांवर बसत नसत. तेव्हा विलिस कॅरियर या तरुण अभियंत्याने हवेतील ओलावा आवरण्याची योजना आखली. आजच्या वातानुकूलनाचा उगम तेथे मानला जातो. मोटारीत कारखान्यातूनच असे यंत्र बसवून देण्याचा पहिला मान पॅकार्ड कंपनीच्या १९४० सालच्या मोटारींकडे जातो. त्या यंत्राचा पसारा मागील सामानाच्या पेटीत मावेल एवढा मोठा होता, आणि कॉम्प्रेसर थांबविण्यास कळच नव्हती! गारवा नको असल्यास इंजिन थांबवून, झाकण उघडून, पट्टा हाताने उतरवावा लागे. आज आपण बोटाने कळ दाबतो तेव्हा चुंबकाची शक्ती तेच काम क्षणात करते. परंतु वायू, दाब, सांधे आणि गळती या चार गोष्टी तेव्हा होत्या तशाच आजही आहेत.

आता, ज्या गोष्टीसाठी आम्ही हे व्याख्यान पत्करले, ती सांगतो. ती आमच्या भूषणाची नाही.

आपल्याच ज्ञातीतील एक वृद्ध शिक्षक. आम्ही त्यांना गुरुजी म्हणतो. त्यांच्या मुलाने त्यांना एक जुनी लहान मोटार घेऊन दिली होती. गुरुजींच्या पत्नीस आठवड्यातून दोनदा रुग्णालयात न्यावे लागे आणि उन्हाळ्यात तो प्रवास त्यांना सोसवत नसे. गारवा कमी झाला म्हणून गुरुजी आमच्याकडे आले. आम्ही गेज लावले, दाब कमी दिसला, गॅस भरला, पैसे घेतले. अर्ध्या तासाचे काम. पुढल्या उन्हाळ्यात ते पुन्हा आले, पुन्हा भरला. तिसऱ्या उन्हाळ्यात पुन्हा. दारात आठ मोटारी उभ्या असत. सांधे तपासण्यास वेळ लागतो, आणि त्या वेळाचे पैसे मागितले तर गिऱ्हाईक कुरकुरते, अशी आम्ही स्वतःची समजूत घातली होती.

चौथ्या वर्षी गुरुजी आले ते मोटार टेम्पोवर चढवून. कॉम्प्रेसर जाम झाला होता आणि पट्टा जळाला होता. भर दुपारी पत्नीसह ते रस्त्यात अडकून पडले होते. त्यांनी शांतपणे एवढेच विचारले, "बाळ, तू मागल्या वर्षी भरलेला गॅस गेला कोठे?" आम्हांस उत्तर देता येईना. मग ते म्हणाले, "तुझे आजोबा गळक्या हंड्यात पाणी ओतून पैसे घेत असत काय?"

त्या दिवशी आम्ही सर्व कामे बाजूस ठेवून ती मोटार उघडली. कंडेन्सरला जोडलेल्या एका नळीच्या सांध्याभोवती तेलकट धूळ साचलेली होती. ही खूण आम्ही तीन वर्षे डोळ्यांसमोर असून पाहिली नव्हती. वायूबरोबर कॉम्प्रेसरचे तेलही नळ्यांतून फिरत असते. वायू जेथून सुटतो तेथून तेलही सुटते आणि त्यावर धूळ बसते. आम्ही दर वर्षी वायू भरला, पण गेलेल्या तेलाचा विचार केला नाही; म्हणून कॉम्प्रेसर कोरडा पडून मेला. सांध्यातून निघाली ती एक चिरलेली रबरी कडी. तिची किंमत चहाच्या दोन पेल्यांइतकी होती. तिच्या पायी हजारो रुपयांचा कॉम्प्रेसर गेला आणि एका आजारी माउलीस उन्हात तिष्ठत बसावे लागले.

नवा कॉम्प्रेसर आम्ही पदरच्या पैशाने बसवून दिला आणि तीन वर्षांचे गॅसचे पैसे गुरुजींच्या पुढे ठेवले. आमची अपेक्षा होती की ते 'असू दे' म्हणतील. त्यांनी ते मोजून घेतले. म्हणाले, "मी हे सोडून दिले तर तुला चूक महाग पडली असे वाटणार नाही." गुरुजी आज हयात नाहीत. परंतु त्या दिवसापासून आमच्या कारखान्यात गळती शोधल्यावाचून गॅस भरावयाचा नाही असा नियम आहे, आणि तो आमची मुले पाळतात.

गळती शोधण्याची रीत प्रत्येक मोटारधारकाने जाणून घ्यावी; म्हणजे कारखान्यात काय मागावयाचे ते त्यास कळेल. प्रथम डोळ्यांनी तेलाचे डाग पाहावेत. नंतर यंत्रातील उरलेला वायू यंत्राने काढून साठवून घ्यावा. तो हवेत सोडू नये. मग कोरडा नायट्रोजन दाबाने भरून प्रत्येक सांध्यास साबणाचा फेस लावावा. बुडबुडा आला की चोर सापडला. या कामी ऑक्सिजन कदापि वापरू नये, कारण दाबाखाली तेलाशी त्याची गाठ पडली तर स्फोट होतो. जाळीसारख्या आतल्या जागी वायूचा वास घेणारे विजेचे उपकरण किंवा जांभळ्या प्रकाशात चमकणारा रंग उपयोगी पडतो. पूर्वी आर-१२ हा वायू असताना कारागीर ज्योतीचा दिवा वापरीत. त्या दिव्यात तांब्याचा तुकडा तापत असे आणि गळलेल्या वायूचा अंश त्यावर येताच ज्योत हिरवी होई. तांबे आपल्या माणसांच्या उपयोगी असे कोठे कोठे पडले आहे पाहा! मात्र आर-१३४ए मध्ये क्लोरीन नसल्याने त्याच्यापुढे हा दिवा आंधळा आहे. शिवाय हे वायू ज्वाळेत सापडले की विषारी धूर होतो, म्हणून त्यांच्याजवळ आग नकोच.

गळती बंद केल्यावर ड्रायर बदलावा आणि पंपाने नळ्यांतील हवा निदान अर्धा तास ओढून काढावी. याचे कारण असे की, आत राहिलेला पाण्याचा थेंब झडपेच्या छिद्रात गोठतो, आणि तेलाशी मिळून आंबटपणा धरून धातू खातो. निर्वात स्थितीत पाणी साध्या उष्णतेनेच उकळून निघून जाते. पंप बंद केल्यावर काटा जागेवर राहतो की नाही हे पाहावे. काटा सरकला तर काम अपुरे आहे. त्यानंतर गेलेल्या तेलाची भरपाई करावी आणि वायू तराजूवर तोलून भरावा. किती ग्रॅम, हे बहुतेक मोटारींत बॉनेटखालच्या चिठ्ठीवर छापलेले असते. 'अंदाजाने थोडा जास्त टाका' असे म्हणणारे गिऱ्हाईक आपलेच नुकसान करते. वायू जास्त झाला की दाब वाढतो आणि गारवा उलट कमी होतो. गळती बुजविणारी औषधे मिळतात. ती झडपेतही चिकटून बसतात, म्हणून त्यांपासून दूर राहावे. कोणी स्वस्त म्हणून ज्वालाग्राही वायू भरण्याचे सुचविले, तर मोटार तशीच परत आणावी.

गारवा कमी झाला म्हणजे दर वेळी वायूच गेला, असेही नव्हे. हवा गार आहे पण वेग मंद आहे, तर आतल्या हवेची गाळणी धुळीने भरली असेल. ती स्वतः काढून पाहता येते. मोटार धावताना गार आणि चौकात उभी राहिली की गरम, असे होत असेल तर कंडेन्सरपुढील पंखा किंवा कंडेन्सरवर बसलेला चिखल तपासावा. तो पाण्याच्या सौम्य धारेने धुवावा. जोराच्या फवाऱ्याने त्याच्या पातळ पत्र्या वाकतात. मोटारीखाली स्वच्छ पाणी ठिबकत असेल तर घाबरू नये. गार पाण्याच्या कळशीस जसा बाहेरून घाम फुटतो, तसा तो जाळीचा घाम आहे. तो बाहेर न पडता आत पायांशी ओल आली, तर त्याची नळी तुंबली आहे. कळ दाबल्यावर गंज चढल्यासारखा कुबट वास येत असेल, तर घरी पोहोचण्यापूर्वी काही मिनिटे गारवा बंद करून नुसता पंखा चालू ठेवावा, जाळी वाळते. हिवाळ्यातही महिन्यातून दहा मिनिटे यंत्र चालवावे, म्हणजे सीलला तेल पोहोचते. उन्हात उभी असलेली मोटार आधी दारे उघडून आतली कढत हवा जाऊ द्यावी आणि मग गारवा सुरू करावा.

एक इशारा मात्र हात जोडून देतो. इंजिन चालू ठेवून, काचा लावून, एसीत झोपू नये. बंद गॅरेजात तर मुळीच नाही. इंजिनाच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेला माणूस जागा होत नाही. लांबच्या प्रवासातही आतलीच हवा फिरविण्याची कळ सतत लावून ठेवू नये. चार माणसांच्या श्वासाने कर्बवायू साचतो आणि चालकास पेंग येते.

गळलेला वायू केवळ आपल्या खिशातून जात नाही. आर-१२ सारखे वायू आकाशातील ओझोनच्या थरास खातात, हे १९७४ साली मोलिना आणि रोलंड यांनी दाखविले. १९८७ साली माँट्रियल येथे त्यांच्याविरुद्ध करार झाला, आणि १९९२ साली भारत त्यात सामील झाला. आर-१३४ए ओझोनला उपद्रव देत नाही. पण पृथ्वी तापविण्यात तो वजनास वजन धरता कर्बवायूच्या तेराशे-चौदाशे पट आहे. म्हणून २०१६ साली किगाली येथे तोही कमी करीत नेण्याचे ठरले, आणि २०२१ साली भारताने त्यास मान्यता दिली. गुरुजींच्या मोटारीतून तीन वर्षांत जो वायू उडाला, तो आमच्या हातून उडाला, याची आम्हांस लाज वाटते.

शेवटी विद्यार्थिमित्रांशी आणि त्यांच्या मातापित्यांशी दोन शब्द. आपले मंडळ दर वर्षी गुणवंतांचा सत्कार करते. डॉक्टर, अभियंते आणि हिशेबनीस झालेल्या मुलांचा आम्हांस अभिमानच आहे. परंतु आयटीआयमध्ये वातानुकूलनाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा केलेला मुलगा या व्यासपीठावर आम्ही अद्याप पाहिला नाही. लग्न जमविताना 'मुलगा मोटार कंपनीत आहे' असे सांगितले जाते; तो कारखान्यात हात काळे करतो हे आपण पदराआड ठेवतो. ज्या ज्ञातीचे घराणेच हाताच्या कामावर उभे राहिले, तिने हाताच्या कामाची लाज बाळगावी काय?

या धंद्यास पुढे काम नाही, असेही कोणी समजू नये. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम व जड मालमोटारींत चालकाची खोली वातानुकूलित असणे केंद्र सरकारने सक्तीचे केले. रात्रंदिवस तापल्या इंजिनापाशी बसणाऱ्या त्या माणसाचा विचार उशिरा का होईना झाला, याचा आम्हांस आनंद आहे. विजेवर चालणाऱ्या मोटारींत कॉम्प्रेसर विजेचा असतो, आणि अनेक गाड्यांत तोच वायू बॅटरीसही गार ठेवतो. तेथे एसी बिघडणे म्हणजे केवळ घाम येणे नव्हे. त्यांचे तेल निराळे असते. जुन्या मोटारीचे तेल त्यात मिसळले तर विजेचा अटकाव दुबळा होतो. त्यांच्या नारिंगी रंगाच्या तारांना अशिक्षित हात लागला तर जीव जातो. अशा कामास पाहून पाहून शिकलेला पोऱ्या पुरणार नाही. शिकलेला कारागीर हवा.

म्हणून मंडळापुढे आमची नम्र सूचना अशी आहे. विद्यार्थी साहाय्य निधीतून पदवीच्या विद्यार्थ्यांप्रमाणेच आयटीआयच्या मुलामुलींसही साहाय्य मिळावे. तसेच पंप, गेज, तराजू आणि वायू काढून साठविण्याचे यंत्र यांचा एक संच मंडळाने घ्यावा, आणि नव्याने धंदा मांडणाऱ्या आपल्या मुलांस तो अल्प भाड्याने वापरू द्यावा. हे साहित्य जवळ नसते म्हणूनच पुष्कळदा गळती न शोधता गॅस भरला जातो. या निधीत आमची पहिली वर्गणी आम्ही आज चिटणिसांच्या स्वाधीन केली आहे. ती रक्कम गुरुजींना परत केलेल्या रकमेइतकीच आहे. तिजवर आमचे नाव घालू नये, त्यांच्या स्मरणार्थ जमा करावी.

येत्या उन्हाळ्यात कोणी आपणास 'गॅस भरून घ्या' असे सांगितले, तर 'आधीचा गेला कोठे?' हा एक प्रश्न अवश्य विचारावा, आणि आमच्या कारखान्यात आलात तर आम्हांसही विचारावा.